पैसे दिले खरे, पण कोणाला?

प्रश्न: नमस्कार. अमेरिका स्वतः इंग्रजांशी लढून मोकळी झाली. मग तीच पश्चिमेकडे सरकत पार पॅसिफिकपर्यंत गेली, त्याला सगळे 'विस्तार' म्हणतात, साम्राज्यवाद फारसं कोणी म्हणत नाही. माझा एक मित्र म्हणतो, त्यांनी जमिनी पैसे मोजून घेतल्या, लुटल्या नाहीत. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मित्राचं अर्धं बरोबर आहे, पैसे मोजले. १८०३ साली मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडचा, लुइझियाना म्हणून ओळखला जाणारा अफाट पट्टा नेपोलियनकडून १ कोटी ५० लाख डॉलरला घेतला. पण त्यात युरोपियन वस्ती म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सेंट लुइस आणि नदीकाठची थोडी गावं, बाकी सगळीकडे ओसेज, पॉनी, लकोटा असे तिथले मूळ रहिवासी राहत होते आणि त्यांना कोणी विचारलंच नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कसतोय एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि खरेदीखत परस्पर तिसऱ्याशी. त्या लोकांकडून जमीन नंतर तह करून, धमकावून, लढून वेगळी काढून घ्यावी लागलीच.

मेक्सिकोचं तर विचारूच नका. १८४६ ला प्रेसिडेंट पोक यांनी टेक्सस-मेक्सिको सीमेवरच्या वादातल्या पट्ट्यात सैन्य घुसवलं, चकमक झाली, आणि लगेच 'आमच्या भूमीवर आमचं रक्त सांडलं' म्हणून युद्ध. तेव्हा नवखा खासदार असलेला लिंकन विचारत राहिला की ती नेमकी जागा दाखवा तरी. १८४८ च्या तहात पुन्हा दीड कोटी डॉलर दिले, पण अमेरिकन फौज मेक्सिको सिटीत बसलेली असताना, याला काय खरेदी म्हणायचं? टेक्सस धरून मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख गेला.

आता नाव वेगळं का पडलं. एक तर मध्ये समुद्र नाही. पण मला मोठं कारण वाटतं ते हे की घेतलेल्या प्रदेशांची पुढे बरोबरीच्या हक्काची राज्यं झाली, त्यामुळे वसाहत अशी दिसतच नाही. फक्त राज्य कधी होणार हे तिथं कोण राहतं त्यावर बरंचसं ठरायचं. सोन्याच्या नादानं गोरे लोक धावले ते कॅलिफोर्निया १८५० लाच राज्य, आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांचं न्यू मेक्सिको १९१२ पर्यंत ताटकळत. सगळा मेक्सिकोच घ्या म्हणणारेही होते, त्यांना सिनेटर कॅलहून यांनी अडवलं ते दयेपोटी नाही, आपलं सरकार गोऱ्यांचं आहे, ही माणसं आत नकोत म्हणून! १८९८ ला फिलिपिन्स घेतलं तेव्हा स्पेनला २ कोटी डॉलर दिले, तिथल्या लोकांना याही वेळी विचारलं नाही, आणि तिथं मात्र राज्य वगैरे काही नाही, सरळ वसाहत. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी अपाचे लोकांचा लढवय्या जेरोनिमो, त्याचा पाठलाग केलेले अमेरिकन सेनाधिकारी लॉटन त्याच फिलिपिन्समध्ये लढताना १८९९ ला मारले गेले. माणसं तीच होती बघा.

आणि मित्राला साउथ डकोटाकडच्या ब्लॅक हिल्स डोंगरांचं सांगा. १८६८ च्या तहानं ते डोंगर लकोटांचे, १८७४ ला तिथं सोनं सापडलं, १८७७ ला काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे चूक ठरवून व्याजासकट १० कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. लकोटांनी ती घेतली नाही, पैसे अजून सरकारी खात्यात पडून आहेत. त्यांचं म्हणणं, डोंगर आम्ही विकायला काढलेच नव्हते.