वाकलेला शाफ्ट आणि बदनाम पाणी

प्रश्न (एक वर्कशॉपचालक, डिचोली): बार्जवरच्या पंपाचा शाफ्ट आम्ही ईएन-८ च्या (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) ब्राइट बारमधून करतो. व्यास २८ मिमी, लांबी ४५०, एका टोकाला चावीची खाच. कडक करण्यासाठी ८५० अंशांवरून पाण्यात टाकला की दीड मिलिमीटर वाकतो. प्रेसवर सरळ केला तरी ग्राइंडिंगच्या वेळी बाक परत येतो. पाण्याऐवजी तेल वापरावे का?

उत्तर: तेलाचे नंतर पाहू. आधी एक शाफ्ट पाण्यात न टाकता ६०० अंशांवर दीड तास ठेवा, भट्टीतच निवू द्या आणि दोन्ही टोके व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून, मध्ये डायल (काट्याचे मापक) लावून शाफ्ट फिरवा. काटा दुप्पट फिरतो हे विसरू नका, ०.६० दिसले तर बाक ०.३०. तेवढ्यानेच शाफ्ट वाकला, तर पाण्याला दोष देऊ नका. ब्राइट बार थंड ओढलेला असतो, ताण आतच कोंडलेला. खाच एका अंगाला पाडली की तोल बिघडतो, आणि तापवल्यावर ताण मोकळा होताना बार वाकतो. म्हणून खाच पाडून, व्यासावर १ मिमी जादा ठेवून ६०० अंशांची ही फेरी आधीच उरका. मग ग्राइंडिंगपुरते अर्धा मिमी राखून टर्निंग करा.

भट्टीत शाफ्ट दोन विटांवर आडवा ठेवत असाल, तर ८५० अंशांना तो स्वतःच्या वजनाने झोळतो. टोकाला एम-८ चे आटे पाडून उभा टांगा. पाण्यातही उभाच सोडा, हलवायचा तो वर-खाली. आडवा टाकला की खालची बाजू आधी आकसते आणि वरची लाल, मऊ बाजू दबून जाते. खाचेत भट्टीची माती भरा.

तेलात २८ मिमीचा ईएन-८ गाभ्यापर्यंत कडक होत नाही. तेलच हवे तर ईएन-२४ हे मिश्रपोलाद घ्या, तेल ५० ते ७० अंशांवर ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीत पाणी शिरतेच. चमचाभर तेल डब्यात ११० अंशांपर्यंत तापवा. तडतडले तर पाणी आहे. अशा तेलात लाल जॉब टाकला की तेल फेसाळून उतू जाते, आग लागते.

प्रेसवर थंड सरळ केलेल्या शाफ्टमध्ये नवा ताण राहतो, तोच ग्राइंडिंगला बाहेर पडतो. टेम्परिंगमधून (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवतात त्यातून) काढल्यावर गरम असतानाच सरळ करा, मग टेम्परिंगपेक्षा २५ अंश कमी तापमानावर तासभर ठेवा.

खरे तर पंपाचा अख्खा शाफ्ट कडक करायची गरज क्वचितच असते. ईएन-२४ 'टी' स्थितीतला, म्हणजे हार्डनिंग-टेम्परिंग करूनच आलेला बार घ्या आणि थेट लेथवर चढवा.