उरलेल्या पावाचं काय करतात?

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. सासर नगरकडचं, प्रोटेस्टंट. मागच्या महिन्यात सासूबाईंसोबत प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणावरून पाव आणि द्राक्षरस घेतात त्या) उपासनेला गेले होते, पावाचे चौकोनी तुकडे आणि इवल्याशा ग्लासांत द्राक्षाचा रस, इथपर्यंत ठीक होतं, पण संपल्यावर ताटात उरलेले तुकडे संडेस्कूलच्या पोरांना वाटून टाकले आणि पोरं ते खात खात खेळायला पळाली. माझ्या काळजात धस्स झालं! आमच्याकडे होस्ट, म्हणजे उपासनेतला आशीर्वादित पाव, खाली पडला तर फादर स्वतः वाकून उचलतात. सासूबाई म्हणाल्या, अगं ती आठवण आहे, पाव तो पावच. पण येशू तर सरळ म्हणतो ना, "हे माझे शरीर आहे"? मग हे लोक बायबल वाकवून वाचतात का? (भांडण नाहीये हां, सासूबाई चांगल्या आहेत.)

उत्तर : ताई, वाकवून कोणीच वाचत नाहीये, फक्त तुम्ही म्हणता त्या वचनाच्या, मत्तय २६:२६ च्या, शेजारी कोण कुठलं वचन ठेवतं त्यावर सगळं फिरतं. आणि तुमची नजर उरलेल्या तुकड्यांवर गेली हे बरंच झालं, कारण तोंडी विचारलं तर सगळी चर्चेस जवळपास सारखंच बोलतात, खरा फरक उपासना संपल्यावर ताट आवरताना कळतो.

तुमच्याकडे "आहे" म्हणजे आहेच. जोडीला योहान ६, "जो माझा देह खातो" वगैरे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेत आणि मग १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत हे पक्कं मांडलं गेलं, की चव, रंग, वजन पावाचंच राहतं पण ती वस्तू मुळात जे काही असते ते बदलतं. आता एकदा बदललं ते मिस्सा (कॅथलिक उपासना) संपली म्हणून परत पाव कसं होणार, म्हणून उरलेलं टॅबरनॅकलमध्ये (चर्चमधल्या पवित्र कपाटात) जातं, बाजूला दिवा जळत राहतो, आजाऱ्यांना त्यातूनच नेऊन देतात.

सासूबाईंचं मूळ कुठलं? नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं ते काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते असा प्रोटेस्टंट पंथ), म्हणजे मागे जात जात स्वित्झर्लंडच्या रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट घराण्याशी नातं. तिथे झुरिकचा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक झ्विंग्ली म्हणायचा की येशू "मी दार आहे" असंही म्हणतो, "मी खरा द्राक्षवेल आहे" असंही म्हणतो, तिथे आपण लाकूड आणि पानं शोधतो का? त्याच्या मते इथे "आहे" म्हणजे "दर्शवतं", आणि शेजारी ठेवायचं वचन लूक २२:१९, "माझ्या स्मरणार्थ हे करा". १५२५ च्या ईस्टरला त्याने चांदी बाजूला सारून लाकडी ताटल्या-पेले वापरले.

पण गंमत बघा, जर्मनीतला धर्मसुधारक लूथर, ज्याने पोपशी उभा दावा मांडला तो, या एका शब्दावर तुमच्या बाजूचा! १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात त्याला आणि झ्विंग्लीला समोरासमोर बसवलं तेव्हा लूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये "हे माझे शरीर आहे" लिहून वर कापड टाकून ठेवलं होतं, आणि पुरावा मागितल्यावर कापड उचलून दाखवलं, बस. पंधरा कलमांपैकी चौदा जुळली, पंधराव्यातही अर्धंअधिक जुळलं, आणि नेमकं इथे अडलं ते अडलंच. युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चेसनी एकमेकांच्या प्रभुभोजनाला अधिकृत मान्यता दिली ती थेट १९७३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लॉयेनबर्गला.

सासूबाईंनाही एक सांगा, "नुसती आठवण" ही रिफॉर्म्ड लोकांची सगळी गोष्ट नाही. त्यांचाच दुसरा मोठा धर्मसुधारक कॅल्व्हिन म्हणतो ख्रिस्त खरोखर मिळतो, पण पवित्र आत्म्याद्वारे, पावात कोंबलेला नाही. ऑर्थोडॉक्स मंडळी (पूर्वेकडची जुनी चर्चेस) तर "बदलतं" हे ठामपणे मानतात पण कसं बदलतं ते विचारूच नका म्हणतात.

काही जण असंही सांगतात की येशू अरामाईक बोलायचा आणि त्या भाषेत असं वाक्य "आहे" शिवायच होतं, म्हणून वादच खोटा. मला हे पटत नाही. आपणही "हा माझा भाऊ" म्हणतो, "आहे" गाळतो, म्हणून काय तो भाऊ आहे की भावासारखा आहे हे ठरतं का?

आणि सासरचं चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, वेगवेगळी चर्चेस जुळून झालेलं) असेल तर अजून एक गुंता. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ते चर्च जुळलं तेव्हा त्यात अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) आले, आणि त्यांचं १६६२ चं प्रार्थनापुस्तक सांगतं की आशीर्वादित केलेलं उरलं तर चर्चबाहेर न्यायचं नाही, तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवायचं. म्हणजे पोरं तुकडे घेऊन पळाली हे सगळ्या प्रोटेस्टंटांना चालेल असं समजू नका. माझी आजी पक्की प्रोटेस्टंट, तरी ताटलीतला चुरा बोटाने टिपून खायची, विचारलं तर म्हणायची, आठवणच आहे रे, पण सांडायची कशाला.

राहिलं तुमचं स्वतःचं. कॅथलिक नियमाप्रमाणे तुम्ही तिथलं प्रभुभोजन घ्यायचं नाही, आणि वसईला मिस्सेत नवरोबांनीही सहसा नाही, त्यांनी रांगेत यायचं असेल तर फादरना आधी विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी हात छातीवर आडवे धरून आले की नुसता आशीर्वाद देतात.