‘खाद्य लस’ चालेल का, आणि ती ‘टोचली’ म्हणता येईल का?

विचारणा अशी आहे: एका भाषांतरात ‘श्वसन विषाणूंविरुद्ध वनस्पती-आधारित खाद्य लस विकसित केली जात आहे’ असं वाक्य आलं. त्यातली ‘खाद्य लस’ कानाला खटकते, तर ‘भक्ष्य लस’ म्हणावं का? आणि पुढे ‘ही लस टोचल्यावर’ असं लिहिलं आहे, ते बरोबर आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. टोचायला सुई लागते. पण ही चूक हातून का होते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ती ‘लस’ या शब्दाच्या जन्माशी जाऊन भिडते.

‘लस’ हे मुळात औषधाचं नाव नाही. गुडघा खरचटला, खपली धरली आणि ती अवेळी निघाली, की खालून जे पिवळसर, चिकट पाणी पाझरतं, ती लस. संस्कृतातली ‘लसिका’ तीच. ‘लसिका ग्रंथी’ आपण आजही म्हणतो. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या, फोडातलं असंच पाणी घेऊन आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचलं. ही रीत मराठी मुलखात आली तेव्हा त्या पाण्याला नवं नाव शोधावं लागलं नाही. ते लसच होतं, आणि ते टोचूनच आत जायचं. ‘देवी काढणे’, ‘देवी टोचणे’ हे प्रयोग तेव्हाचे. त्यामुळे लस आणि टोचणं यांची जोडी आपल्या मनात घट्ट बसली. पण पोलिओच्या थेंबांनी ती केव्हाच मोडली. त्या लशीला आपण सहज ‘पाजणे’ लावलं, आणि कुणालाही ते खटकलं नाही.

आता ‘भक्ष्य’. हा शब्द नको. कोशात अर्थ बरोबर सापडेल, पण आजच्या मराठीत भक्ष्य म्हणजे शिकार. वाघ झेप घेतो ते भक्ष्य. ‘खाद्य’ मात्र खाद्यतेलात विशेषण म्हणून निमूट काम करतं. ‘खाद्य लस’ खटकते ती व्याकरणामुळे नव्हे. ‘खाद्य’ म्हटलं की पोटभर खायची वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि लस तशी असूच शकत नाही.

मूळ कल्पना मात्र तशीच होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आर्न्टझेन आणि त्यांचे सहकारी केळ्यातून लस देण्याचं स्वप्न पाहत होते: ना सुई, ना शीतसाखळी, म्हणजे लस शेवटपर्यंत थंड ठेवण्याची यातायात. १९९८ साली माणसांवरच्या पहिल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात स्वयंसेवकांनी जनुक घातलेला बटाटा खाल्ला, आणि तो कच्चा खाल्ला. शिजवला असता तर त्या जनुकामुळे बटाट्यात तयार झालेलं, लशीचं काम करणारं प्रथिन उष्णतेने बिघडलं असतं. पुढच्या अडचणी आणखी बोलक्या आहेत. एका फळात ते प्रथिन जितकं असेल तितकंच शेजारच्या फळात असेल असं नाही, मग मात्रा ठरवायची कशी? शिवाय आतडं हे अन्न सोसायला शिकलेलं असतं. रोजच्या जेवणाशी शरीर लढत बसलं तर जगणंच अवघड होईल. म्हणून लस अन्नाच्या रूपात वारंवार गेली, तर शरीर तिच्याशी लढायचं सोडून तिला सोसूही लागेल. या कारणांमुळे आता पान किंवा दाणा वाळवून, दळून, मोजून देण्याकडे कल आहे. टोकियोत पटकीवरची (कॉलऱ्यावरची) लस तांदळाच्या दाण्यात तयार केली, तीही पीठ करून द्रवात मिसळून पाजली. म्हणजे तांदूळ आहे, पण भात नाही.

तरीही मी ‘खाद्य लस’ राखावी असंच म्हणेन, फक्त अर्थ नेमका धरून: जिच्यातला लशीचा अंश वनस्पतीतून वेगळा न काढता, त्या वनस्पतीच्या पेशींसकट पोटात जातो ती. हा अर्थ धरला की शेजारचे दोन शब्दही जागेवर बसतात. कॅनडाने फेब्रुवारी २०२२मध्ये कोविडवरच्या एका लशीला मान्यता दिली. ती तंबाखूच्या जातकुळीतल्या झाडाच्या पानांत तयार होत होती, पण दिली जायची इंजेक्शननेच. ती वनस्पतिजन्य, पण खाद्य नव्हे. उलट अमेरिकी सैन्यात १९७१पासून अ‍ॅडेनोव्हायरसवरची लस गोळ्यांच्या रूपात दिली गेली. गोळी सबंध गिळायची, चावायची नाही, कारण आतला जिवंत विषाणू घशात नव्हे तर आतड्यात सुटायला हवा. ती तोंडावाटे घ्यायची, पण वनस्पतिजन्यही नाही आणि खाद्यही नाही. आजार मात्र श्वसनमार्गाचा. पोटात गेलेली लस छातीच्या आजारापासून राखू शकते, हे या गोळीने दाखवलं. नाक, घसा, आतडं यांच्या आतल्या ओलसर, म्हणजे श्लेष्मल, अस्तरांचं एकमेकांशी नातं आहे. आतड्यात तयार झालेल्या काही रक्षक पेशी इतर अस्तरांपर्यंतही पोचतात. खाद्य लशीची सगळी आशा यावरच उभी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

(‘वनस्पती-आधारित’ मात्र सोडाच. ‘वनस्पतिजन्य’ लिहा, समासात ‘ति’ ऱ्हस्व.)

खरा गुंता मला ‘विरुद्ध’मध्ये दिसतो. आपण ‘गोवराविरुद्ध लस’ म्हणत नाही, ‘गोवराची लस’ म्हणतो. इथे ‘ची’ म्हणजे त्या रोगापासून राखणारी. पण २०००मध्ये आरएसव्ही या श्वसन विषाणूचं प्रथिन टोमॅटोत तयार करून ते टोमॅटो उंदरांना खाऊ घातले. २००५मध्ये सार्सच्या विषाणूबाबतही तसाच प्रयोग झाला. आता ‘टोमॅटोची लस’ म्हटलं तर ती टोमॅटोपासून केलेली, की टोमॅटोच्या रोगावरची? एकच प्रत्यय दोन्ही ओझी वाहू शकत नाही. म्हणून रोगाला ‘वरची’ आणि वनस्पतीला ‘तली’ लावावं: ‘आरएसव्हीवरची टोमॅटोतली लस’. ‘कोरोनावरची लस’ आपण म्हणतोच.

मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘श्वसनमार्गाच्या विषाणूंवरची वनस्पतिजन्य खाद्य लस तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत.’ आणि पुढे ‘ही लस घेतल्यावर’. औषध आपण घेतो. ते गिळलं, प्यायलं की चावलं हे ‘घेणे’ विचारत नाही. ती उद्या लहान मुलांसाठी मऊ लापशीसारखी आली, तर ‘लस भरवली’ म्हणायलाही माझी हरकत नाही.