बाबांची गोळी मोतीला चालेल का?

प्रश्न : डॉक्टर, आमचा मोती नऊ वर्षांचा आहे, नसबंदी केलेली नाही. महिनाभरापासून तो झोपून उठला की चादरीवर रक्ताचे एक-दोन थेंब दिसतात, शू मात्र नॉर्मल करतो, धार पण बरी आहे. पण शीला बसला की कुंथत राहतो आणि शी पट्टीसारखी चपटी येते. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ. तपासल्यावर कळलं प्रोस्टेट वाढलंय आणि नसबंदी करा म्हणाले. माझ्या वडिलांना हाच त्रास आहे, ते रोज गोळी घेतात आणि मस्त आहेत, मग मोतीला त्यांच्यातलीच अर्धी गोळी दिली तर नाही का चालणार? आईचं म्हणणं या वयात ऑपरेशन करून त्याचे हाल कशाला.

उत्तर : बाबांची गोळी आधी कपाटात परत ठेवा, मग बोलू. प्रोस्टेटच्या, म्हणजे नरात लघवीच्या नळीभोवती असते त्या ग्रंथीच्या, नावाखाली माणसांना कमीत कमी दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोळ्या देतात. एक टॅमसुलोसिनसारखी, जी लघवीच्या वाटेतले स्नायू सैल सोडते, ग्रंथी आहे तेवढीच राहते. दुसरी फिनास्टेराइड, जी खरोखर ग्रंथी आकसवते. बाबा यातली कोणती घेतात हे तुमच्या पत्रात नाही, आणि बऱ्याच घरांत ते कुणालाच माहीत नसतं, "ती पांढरी, रात्रीची" एवढंच माहीत असतं. टॅमसुलोसिनने बीपी खाली येतं, आणि ती बहुतेक वेळा कॅप्सूल असते, तिची अर्धी काय करणार?

आता गंमत बघा. बाबांना त्रास झाला असेल तो लघवीचा, धार बारीक, रात्री चार वेळा उठणं वगैरे. मोतीला त्रास शीचा. आजार एकच, मग असं का? तर माणसात ग्रंथी आतल्या बाजूला वाढते आणि मधून जाणारी लघवीची नळी आवळते. कुत्र्यात ती जास्त करून बाहेरच्या बाजूला फुगते आणि वर जे मोठं आतडं असतं त्याला खालून दाबते. म्हणून शी चपटी. आणि रक्ताचे थेंब शूच्या वेळेला न येता मधेच, झोपेतून उठल्यावर येतात कारण ते ग्रंथीतून झिरपून नळीत उतरतात, लघवीच्या पिशवीतून येत नाहीत. तुम्ही हे दोन्ही नीट बघून लिहिलंत, नाहीतर लोक "कसंतरी करतोय" एवढंच सांगतात आणि मग मला वीस प्रश्न विचारावे लागतात.

नसबंदी न झालेल्या नरांत हे फार कॉमन आहे. पाच वर्षांच्या पुढे बहुतेकांची ग्रंथी थोडीफार वाढलेली असतेच, फक्त सगळ्यांना त्रास होत नाही. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना उगाच औषध द्यायची गरज नसते. मोतीला त्रास आहे.

ऑपरेशनबद्दल. प्रोस्टेट वाढतं ते वृषणांतून येणाऱ्या हार्मोनच्या जोरावर, तो पुरवठा बंद झाला की ग्रंथी स्वतःहून आकसते, साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते आणि पुढे अजून लहान होत जाते. प्रोस्टेटला कुणी हातही लावत नाही, हे आईंना मुद्दाम सांगा, कारण माणसातलं प्रोस्टेटचं ऑपरेशन डोक्यात असतं म्हणून लोक घाबरतात. इथे ऑपरेशन म्हणजे नसबंदी, बस. नऊ वर्षांच्या कुत्र्याला भूल देताना रक्ताच्या तपासण्या, हृदयाची तपासणी आधी करायची असते, ती केली आणि ठीक आली तर नुसत्या वयाला घाबरू नका. उलट हाच कुत्रा अजून तीन वर्षं कुंथत राहिला तर शेपटीखालचे स्नायू ढिले पडून तिथे हर्निया होऊ शकतो, मग जे ऑपरेशन करावं लागतं ते खरंच मोठं असतं. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरांतच ते जास्त दिसतं.

हृदय खरोखर कमकुवत असेल, किंवा तुम्हाला नकोच असेल तर औषधाचा रस्ता आहे. फिनास्टेराइड कुत्र्यांनाही देतात, पण डोस वजनावर ठरतो, फरक पडायला एक-दोन महिने लागतात आणि बंद केली की ग्रंथी परत वाढते. ती गोळी तोडायचं काम घरातल्या गरोदर बाईने करू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. कुत्र्यांसाठीच बनवलेली ओसॅटेरोन नावाची गोळी आहे, सात दिवसांचा कोर्स आणि परिणाम काही महिने टिकतो. कातडीखाली बसवायचं, तेच हार्मोन दाबणारं डेस्लोरेलिनचं इम्प्लांट पण असतं, त्याच्याने सुरुवातीचे एक-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतं, त्रासही वाढू शकतो, हे आधी माहीत नसेल तर लोक दहाव्या दिवशी भांडायला येतात. यातलं काय मिळतं आणि काय परवडतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझं स्वतःचं मत विचाराल तर तब्येत चांगली असेल तर नसबंदी, एकदाच काय ते.

आणि हो, बाबांसारखी पीएसए टेस्ट (माणसांत प्रोस्टेटसाठी करतात ती रक्ततपासणी) मोतीची करायला सांगू नका. कुत्र्यात तिचा उपयोग होत नाही. बोटाने तपासणी आणि सोनोग्राफी, यातून जे कळायचं ते कळतं.

प्रश्न : आमचा टायगर अकरा वर्षांचा, लहानपणीच नसबंदी झालेली. काल संध्याकाळपासून दर दहा मिनिटांनी पाय वर करतोय, थेंब-थेंब येतंय, आज सकाळी उलटी झाली. नसबंदी झालीये म्हणजे प्रोस्टेट नसणार ना? घरात आयब्युप्रोफेन आहे, देऊ का?

उत्तर : यांना मी त्याच मिनिटाला फोन करून सांगितलं की गाडी काढा. इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी. कुत्रा जोर करतोय आणि थेंबच येतायत किंवा काहीच येत नाहीये, तर उद्यावर ढकलायचं नाही, रात्र असली तरी. लघवी तुंबली की किडनीवर ताण येतो, रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. उलटी सुरू झाली म्हणजे विष चढायला लागलंय असं समजा. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी अजिबात करू नका, पिशवी फुटू शकते. आणि आयब्युप्रोफेन तर नाहीच नाही, कुत्र्यात पोटात अल्सर आणि किडनी फेल, दोन्ही होऊ शकतं, तुंबलेल्या कुत्र्यात तर आगीत तेल.

नर कुत्र्यात अशी वाट अडते ती बरेचदा खड्याने. कुत्र्याच्या लिंगात हाड असतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं, त्या हाडाच्या खाचेत नळी रुंद होऊ शकत नाही आणि खडा नेमका हाडाच्या मागे येऊन बसतो.

आता नसबंदीचा मुद्दा. ती झाली की मोतीला झालीये तशी साधी वाढ होत नाही, बरोबर. पण प्रोस्टेटच्या कॅन्सरपासून त्याने सुटका मिळत नाही, तो नसबंदी झालेल्या कुत्र्यांतही होतो. म्हणून नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रोस्टेट मोठं दिसलं की मला जास्त काळजी वाटते, कमी नाही. तिथे सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, गरज पडली तर ग्रंथीतल्या पेशींची तपासणी असं सगळं पुढे जावं लागतं. असा कॅन्सर निघाला तर पूर्ण बरा होणं अवघड असतं, पण दुखणं कमी करणारी औषधं असतात आणि काही जणांचे महिने बरे जातात. टायगरचा खडा निघाला, कॅन्सर नाही.

प्रश्न : सात वर्षांचा शेरू, नसबंदी नाही. वर्षात चौथ्यांदा युरिन इन्फेक्शन. आठवडाभर अँटिबायोटिक दिलं की छान होतो, महिन्याने परत तेच. आता कोणतं स्ट्राँग औषध द्यावं?

उत्तर : स्ट्राँग नाही, नेमकं आणि जास्त दिवस. नर कुत्र्याला सारखं सारखं इन्फेक्शन होत असेल तर जंतू बहुतेक प्रोस्टेटमध्ये घर करून बसलेत. बरीचशी अँटिबायोटिक्स लघवीत भरपूर उतरतात पण त्या ग्रंथीत नीट शिरतच नाहीत. लघवी स्वच्छ होते, तुम्ही खुश, आणि आतले जंतू परत पिशवीत उतरतात. म्हणून आधी कल्चर, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी, करा, तेही सुईने थेट पिशवीतून काढलेल्या लघवीचं, मग ग्रंथीत शिरणारं औषध आणि चार ते सहा आठवडे. मधेच बरा वाटला म्हणून थांबवायचं नाही, चार वेळा हेच झालंय ना? इन्फेक्शन आटोक्यात आलं की नसबंदी करून टाका, त्याने परत होण्याची शक्यता कमी होते. सोनोग्राफीत गळू दिसलं तर मात्र नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. ताप, पाठीला बाक, मागच्या पायांनी ताठ चालणं असं काही दिसलं तर कोर्स संपायची वाट बघू नका. शेरूला ब्रीडिंगसाठी वापरलं असेल तर ब्रुसेलाची टेस्ट पण करून घ्या, तो जंतू माणसांनाही लागतो.

प्रश्न : बारा वर्षांचा आहे, रात्री घरातच शू करतो, पाणीही खूप पितो. संध्याकाळनंतर पाणी बंद करू का?

उत्तर : नको. पाणी जास्त पितो म्हणून शू जास्त होते असं आपल्याला वाटतं, बरेचदा ते उलटं असतं, किडनी किंवा शुगरमुळे शू जास्त जाते म्हणून बिचारा पितो, आणि पाणी तोडलं तर दोन दिवसांत आडवा पडेल. आधी मोजा. सकाळी भांड्यात मापून पाणी घाला, दुसऱ्या सकाळी उरलेलं मापा, असं तीन दिवस करा, घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याचं भांडं वेगळं ठेवा. किलोमागे दिवसाला पन्नास मिलीच्या आसपास ठीक, शंभरच्या वर म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याने दोन लिटरहून जास्त प्यायलं तर तपासणी हवीच. पाणी नॉर्मल निघालं तर सांधे बघा, कधीकधी कुत्र्याला कळतं जायचंय पण दुखण्यामुळे वेळेत उठता येत नाही.

येताना सकाळची पहिली लघवी घेऊन या. लांब दांड्याची जुनी पळी धुवून कोरडी करा, त्याने पाय वर केला की पहिली धार जाऊ द्या आणि मग हळूच खाली धरा. आधीच पळी घेऊन मागे लागलात तर तो तुमच्याकडे बघत बसेल आणि करणार नाही. झाकणाच्या बाटलीत भरून तासा-दोन तासांत पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून.