रथाच्या पताकेला फुटलेले दात

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या महालक्ष्मी यात्रेवर चाळीस मिनिटांची फिल्म करताय. मागच्या यात्रेचं शूटिंग मिनी डीव्ही टेपवर आहे, यंदाचं मोबाइल आणि नव्या कॅमेऱ्यावर. जुन्या फुटेजमध्ये रथ हलला की पताकेच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं तर दात गेले, पण चित्र मऊ पडलं आणि रथ अडखळत चालायला लागला. तर टाइमलाइन कुठली घ्यायची आणि एक्स्पोर्ट कसं करायचं?

आधी धीर देतो. टेप खराब नाही, कॅप्चरही चुकलेलं नाही. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम लिहितो, पण बघतो मात्र ५० वेळा. एकदा एकाआड एक अशा २८८ ओळी, मग २० मिलिसेकंदांनी मधल्या उरलेल्या २८८. अशा २८८ ओळींच्या एका संचाला फील्ड म्हणतात. दोन्ही फील्ड एकमेकांत विणले की ५७६ ओळींची फ्रेम होते, हेच इंटरलेस. ती फील्ड सुटी करून पूर्ण चित्रं बनवणं म्हणजे डीइंटरलेस. गदगेवर, म्हणजे चौथऱ्यावर बसलेली देवी हलत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही फील्ड चपखल बसतात आणि चित्र कडक दिसतं. रथ ओढायला लागले की पताका तेवढ्या २० मिलिसेकंदांतही पुढे सरकते. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर ही फील्ड एकामागून एक यायची, म्हणून तेव्हा कुणाला दात दिसले नाहीत. कॉम्प्युटरचा मॉनिटर दोन्ही क्षण एकदम दाखवतो.

म्हणजे तासाभराच्या टेपवर गावाची १,८०,००० क्षणचित्रं आहेत. एडिटिंग सॉफ्टवेअरमधला साधा डीइंटरलेस बऱ्याचदा काय करतो, तर दर फ्रेममधलं एक फील्ड टाकून देतो आणि उरलेलं ताणून उभी उंची भरतो. तुमची ९०,००० चित्रं गेली आणि राहिलेली निम्म्या ओळींची. मऊपणा आणि अडखळणं दोन्ही तिथूनच आलंय.

माझं म्हणणं एवढंच, की डीइंटरलेस टाइमलाइनवर करू नका. एडिटिंगच्या आधी, बाहेर, एकदाच करा, आणि ५० च्या ५० चित्रं वाचवून करा. लहानमोठं करणं, रंग, स्टॅबिलायझेशन, सगळं त्याच्यानंतर.

त्याआधी हातात नक्की काय आहे ते बघा. फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या डिजिटल केबलने) टेपवरून थेट उतरवलेली फाइल असेल तर उत्तम. ते रूपांतर नसतं, टेपवरचा डिजिटल मजकूर जसाच्या तसा हार्डडिस्कवर येतो, तासाला साधारण १३ जीबी. पण दुकानातून ‘टेपचं पेनड्राइव्हवर’ करून आणलेली एमपी४ असेल तर एखादी हलती फ्रेम थांबवून मोठी करून बघा. दात एकेका ओळीचे, पातळ आणि धारदार असतील तर फील्ड शाबूत आहेत. जाड, पुसट पट्टे दिसले तर कुणीतरी डीइंटरलेस न करताच चित्र ताणलंय. आणि एका पताकेच्या जागी दोन अर्धपारदर्शक पताका दिसल्या तर दोन्ही फील्ड कालवून टाकलीत. या दोन प्रकारांत माघारी येता येत नाही, टेप शोधा. शूटिंगवाल्याकडे टेप अजून असतील तर नशीब समजा. आमच्या धंद्यात जुन्या टेपवरच पुढच्या लग्नाचं शूटिंग घ्यायची पद्धत होती, मीही घेतलंय.

आता फील्डचा क्रम. कुठलं फील्ड आधी टिपलं हे सॉफ्टवेअरला बरोबर कळायला हवं. पाल डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. पुढे आलेल्या एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांत १०८० इंटरलेसला वरचं आधी. मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर फाइलवर काय लिहिलंय ते सांगतं, पण फाइलवर लिहिलेलं नेहमी खरं असतंच असं नाही, मधे कुणी रूपांतर केलं असेल तर विशेषतः. खात्री करायची माझी रीत गावठी आहे. छोटा तुकडा सेकंदाला ५० फ्रेमचा करायचा आणि कीबोर्डच्या बाणाने एकेक फ्रेम पुढे जायचं. रथ पुढे, पुढे, पुढे गेला तर क्रम बरोबर. पुढे, मागे, पुढे, मागे असा झोके खायला लागला तर उलटा.

हे मी पैसे परत देऊन शिकलोय. २००९ च्या सुमारास बेळगावजवळच्या एका गावच्या यात्रेची डीव्हीडी केली होती. कॉम्प्युटरवर छान दिसली, कारण प्लेअर दोन्ही फील्ड मिसळून दाखवत होता. गावात चौकातल्या मोठ्या ट्यूबच्या टीव्हीवर लावली, तर देवी स्थिर आणि रथ मात्र ताप भरल्यासारखा थरथरतोय. मंडळी म्हणाली, ‘कॅमेरा धरायला माणूस नव्हता काय हो?’ कॅमेरा स्टँडवर होता. मी डीव्हीडीचं एन्कोडिंग करताना फील्डचा क्रम उलटा निवडला होता, एवढंच.

त्याच डीव्हीडीत दुसरी गंमत झाली. देणगीदारांची नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत होती. मराठी नावं लुकलुकत होती आणि कन्नड शांत. मंडळातल्या एकाला यात लगेच राजकारण दिसलं! कारण शिरोरेषेचं होतं. आडवी रेघ जर एकाच ओळीची असेल तर ती दोनपैकी एकाच फील्डमध्ये पडते आणि सेकंदाला २५ वेळा उगवते-मावळते. कन्नड अक्षरं गोलसर, सलग लांब आडवी रेघ त्यांना नाही. तुम्ही डीव्हीडीही काढणार असाल तर देवनागरी नावांना जाड फाँट घ्या, शिरोरेषा किमान तीन ओळींची भरेल एवढा, आणि उभ्या दिशेने किंचित ब्लर द्या. नुसतं यूट्यूबवर जाणार असेल तर ही भानगड नाही.

प्रत्यक्ष डीइंटरलेससाठी माझी पहिली पसंती क्यूटीजीएमसी नावाचा फिल्टर. हा आजूबाजूच्या फ्रेममधली हालचाल बघून हरवलेल्या ओळी बांधतो, म्हणून कडा जिवंत राहतात. विंडोजवर हायब्रिड नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून तो कोड न लिहिता वापरता येतो. संथ आहे, रात्री लावायचा आणि झोपायचं. घाई असेल तर हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडिफ किंवा याडिफ हा फिल्टर घ्या, प्रीसेट बॉब (दर फील्डची वेगळी फ्रेम करणारा) आणि फ्रेमरेट ५० स्वतः निवडा. २५ राहू दिलंत तर सगळी मेहनत पाण्यात. हँडब्रेकची अडचण ही, की तो फाइल दाबून देतो. रंगकाम करायचं असेल तर प्रोरेस ४२२ सारख्या एडिटिंगच्या कोडेकमध्ये (चित्र साठवायच्या पद्धतीत) काढा, जागा मूळ डीव्हीच्या दोन-तीन पट लागेल. मूळ फाइल मात्र पुसू नका, पाच वर्षांनी याहून चांगला फिल्टर येईल.

भंडाऱ्याच्या उधळणीला वेगळं बघा. हवेतल्या पिवळ्या कणांना ठरलेली दिशा नसते, त्यामुळे हालचालीवरून अंदाज बांधणारा फिल्टर तिथे गोंधळतो आणि भंडाऱ्याचं धुकं होतं. अशा शॉटना मी बीडब्ल्यूडिफच लावतो. थोडे खडबडीत दिसतात, पण कण कणच राहतात. आणि लाल पताकेच्या कडेला रंगाचे आडवे पट्टे दिसले तर समजा, कुठेतरी इंटरलेस फाइलला प्रोग्रेसिव्ह (फील्ड नसलेली, सलग पूर्ण फ्रेमची) समजून तिचे रंग उलगडलेत. पाल डीव्हीत रंगाची माहिती आधीच ओळींच्या निम्मी असते, त्यामुळे ही चूक लाल रंगात सगळ्यात आधी उघडी पडते.

टाइमलाइन १९२० बाय १०८०, ५० फ्रेम, प्रोग्रेसिव्ह. जुनं चित्र ४:३ आहे, १०८० उंचीला त्याची रुंदी १४४० होते, दोन्ही बाजूंना काळं राहू दे. ते ताणून पडदा भरू नका. गावातल्या म्हाताऱ्या बाया आडव्या पसरलेल्या दिसतात आणि त्यांच्या सुना ते बोलून दाखवतात. कडेला सात-आठ पिक्सेलची काळी किनार दिसेल, तेवढी कापा. डीइंटरलेस केलेल्या क्लिपवर सॉफ्टवेअर अजूनही ‘इंटरलेस’ लिहीत असेल तर क्लिपच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोग्रेसिव्ह करा, नाहीतर ते आपल्या मनाने परत एकदा डीइंटरलेस करतं.

५० च्या टाइमलाइनचा फायदा तुम्हाला रथाच्या शॉटमध्ये कळेल. ती क्लिप निम्म्या वेगाने लावली तर खरी स्लो मोशन मिळते, सेकंदाला २५ खरी चित्रं. नव्या कॅमेऱ्याचं २५ फ्रेमचं फुटेज त्यावर बिनधास्त बसतं, प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते इतकंच. जुनं सळसळतं आणि नवं जरा सिनेमासारखं दिसेल. मला तो फरक आवडतो, काळ वेगळा आहे हे खाली न लिहिता कळतं. सगळंच सिनेमासारखं हवं असेल तर टाइमलाइन २५ करा, पण ५० ची क्लिप तयार केल्यानंतर.

मोबाइलची तेवढी सोय लावा. तो ३० फ्रेमवर असेल तर प्रो मोडमध्ये मिळत असेल तर २५ किंवा ५० करा, शटर १/५० किंवा १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मंडपातल्या ट्यूबलाइट ३० फ्रेमवर कधीकधी लाटा मारतात. आधीच ३० मध्ये शूट झालंय तर असू दे की, बोलणाऱ्या माणसांच्या शॉटमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त रथ, लेझीम असलं काही त्यातून घेऊ नका.

एक्स्पोर्ट सोपं. यूट्यूब आणि मंडपातला एलईडी पडदा, दोन्हींसाठी एच२६४, १०८०, ५० फ्रेम, प्रोग्रेसिव्ह. एक्स्पोर्टच्या खिडकीत फील्डचा पर्याय पुन्हा वेगळा असतो, तिथेही प्रोग्रेसिव्ह आहे ना ते बघा. टाइमलाइन बरोबर आणि एक्स्पोर्ट इंटरलेस, हे मी दोनदा केलंय. यूट्यूब या फ्रेमरेटला १२ एमबीपीएस (सेकंदाला १२ मेगाबिट) सुचवतं, मी २० ठेवतो, कारण ते तिकडे पुन्हा दाबणारच. डीव्हीडी हवी असेल तर याच ५० च्या मास्टरवरून पाल इंटरलेस काढा, २५ च्या फाइलवरून नको. चाळीस मिनिटं ८ एमबीपीएसने अडीच जीबीच्या आत बसतात, एका डिस्कवर आरामात. पहिली डिस्क पुन्हा लिहिता येणारी घ्या आणि कुणाच्या तरी माळ्यावरचा ट्यूबचा टीव्ही खाली उतरवून त्यावर बघा. एलसीडीवर क्रमाची चूक लपू शकते.

आवाजाचं विसरू नका. घरगुती मिनी डीव्ही कॅमेरे बऱ्याचदा ३२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायचे. एडिटिंगला घेण्याआधी ४८ करून घ्या.

आणि रथाची पताका दिसते ते दहा सेकंद लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने कापून मला पाठवा, कन्व्हर्ट न करता. व्हॉट्सॲपवरून नको, ते दाबतं. ड्राइव्हवर टाका, क्रम कुठला आहे ते उद्या संध्याकाळपर्यंत बघून सांगतो.