वापरणाऱ्यांच्या गरजेनुसार सॉफ्टवेअर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

नुसतं "तुम्हाला काय हवंय?" विचारून फारसं हाती लागत नाही. माणूस काम कसं करतो ते शेजारी बसून बघावं लागतं.

माझं आवडतं उदाहरण १९७० च्या दशकातलं, झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेतलं. गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी टिम मॉट आणि लॅरी टेस्लर यांना संपादनाचा प्रोग्राम करायचा होता. त्यांनी संपादकांना कोऱ्या स्क्रीनसमोर बसवलं आणि सांगितलं, हा कागद समजा, दुरुस्त्या कशा कराल ते दाखवा. ही मंडळी मजकूर कात्रीने कापून दुसरीकडे चिकटवायची. म्हणून 'जिप्सी' या त्यांच्या प्रोग्राममध्ये कट-पेस्ट तसंच ठेवलं.

त्याआधीच्या 'ब्राव्हो' या संपादन प्रोग्राममध्ये आज्ञा आणि लेखन असे वेगळे मोड होते; आज्ञेच्या मोडमध्ये अक्षर दाबलं की ते उमटत नसे, आज्ञा ठरे. चुकून आज्ञेच्या मोडमध्ये 'एडिट' टाइप झालं, तर 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने पुसला जाई, 'आय'ने नवं लेखन सुरू होई आणि उरे फक्त 'टी'! दोष टाइप करणाऱ्याचा मुळीच नव्हता. जिप्सीत टाइप केलं की अक्षरच उमटे.

तुम्हीही कोड लिहिण्याआधी स्क्रीन कागदावर काढा, खऱ्या वापरणाऱ्यासमोर ठेवा आणि मध्ये न बोलता बघा. तो जिथे अडेल तिथे डिझाइन बदला, सूचना वाढवू नका.