डाळ मिलसाठी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याचा सर्व्हर, घेतोय. कोटेशनात आयास, पास, सास लिहिलंय. विंडोजचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं का?

तुम्ही लातूरच्या मिलसाठी विचारलंय आणि हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यावरच चालवायचं म्हणता. मी नांदेडला मोंढ्यातल्या अडत्यांचे सर्व्हर बघतो, त्यामुळं हा घोळ ओळखीचा आहे.

या तीन नावांची व्याख्या अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०११ साली पक्की केली. आयास (IaaS) म्हणजे नुसतं मशीन भाड्यानं, ठोक्यानं घेतलेल्या रानासारखं: जमीन, विहीर मालकाची, बी, खत, मजुरी आपली. पास (PaaS) म्हणजे सिस्टिम घालून तयार मशीन, जसं नांगरून, ठिबक अंथरून मिळालेलं रान, पेरायचं तेवढं आपण. सास (SaaS) म्हणजे थेट वापरायचं सॉफ्टवेअर, कट्ट्यात भरलेली तयार डाळच.

लायसन्सचा गोंधळ होतो आयासमध्ये. एका अडत दुकानाच्या कोटेशनात मशीनचा दर होता आणि चार ओळी खाली विंडोज सर्व्हरचं लायसन्स पुन्हा लावलेलं. मी क्लाउड कंपनीच्या साइटवर तेच मशीन एकदा लिनक्स या फुकट सिस्टिमसह, एकदा विंडोजसह उघडलं. कोटेशनातला दर विंडोजवाल्या दराशी जुळला, म्हणजे लायसन्सचं भाडं त्यात आधीच धरलेलं. दुकानाच्या मालकांनी दोन्ही दर विक्रेत्यापुढं ठेवल्यावर लायसन्सची ती ओळ निघाली. तुम्हीही एवढं कराच.

पण टॅलीसाठी दोन गोष्टी खरोखर वेगळ्या लागतात. विंडोजच्या भाड्यात रिमोटनं आत यायला दोनच जणांची सोय असते, तीही देखभालीपुरती. मुनीम लोकांना रोज त्यावर काम करायचं तर माणशी आरडीएस कॅल, म्हणजे रिमोटनं काम करायचे परवाने, घ्यावे लागतात. आणि टॅलीचं सिल्व्हर एकाच युजरचं आहे. एकाच वेळी दोघंतिघं नोंदी करणार असतील तर गोल्ड हवं. या ओळी दिसल्या तर विक्रेत्यावर शंका घेऊ नका, उलट त्या नसतील तर विचारा.

जुनं विंडोज सर्व्हर लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर नेता येतं, पण त्यावर सॉफ्टवेअर अॅश्युरन्स हा मायक्रोसॉफ्टचा पैसे भरून घ्यायचा करार चालू पाहिजे. तिथं एक किंवा तीन वर्षांचं रिझर्व्हेशन, म्हणजे तेवढ्या मुदतीची आगाऊ बोली, घेतलं तरी सूट मशीनच्या भाड्यावरच मिळते, विंडोजच्या नाही.

सासमध्ये लायसन्स भाड्यातच येतं, मोजायची फक्त माणसं. तुरीच्या हंगामात चार मुनीम वाढतात म्हणून वर्षभराचे युजर घेऊ नका; तेवढे महिन्याच्या बोलीवर घ्या, दर थोडा जास्त पडला तरी.

सरकारी कार्यालयांची क्लाउडची खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून आणि केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीतल्या कंपन्यांकडून होते. तुमच्या खाजगी मिलला ते बंधन नाही.

नवीन कोटेशन मागवताना मशीन, विंडोज, आरडीएस कॅल आणि टॅली अशा चार वेगळ्या ओळी लेखी मागा.